अकरा पोरांचं तारण

"पोरं न्या, बाई. पर तुमचं मानूस हितं ठेवा," कोंडूबाबा म्हणाला.

मला आधी वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. सकाळचे सव्वानऊ झाले होते. कुसरीच्या वाड्यासमोरच्या सपाटीवर ड्रायव्हर बंडू लाडची जीप उभी होती. त्याने हौसेने बोनेटवर झेंडूची माळ चढवली होती. माझ्या हातात अकरा मुलांची यादी होती आणि जीपमध्ये एकही मूल नव्हतं. बावीस घरांचा धनगरवाडा, पण सगळी दारं ओढलेली. दारांच्या फटींतून आम्हाला कोणीतरी बघत होतं, एवढं मात्र कळत होतं.

"कसलं माणूस?" मी विचारलं.

कोंडूबाबाने शांतपणे समजावलं. तो वाड्याचा कारभारी, सत्तरीचा, काटक, बोलायला कमी. त्यांच्या वाड्याची रीत अशी, की कोणी म्हैस रेड्याकडे खालच्या गावात घेऊन निघाला, तर त्याने आपल्या घरचं एक माणूस वाड्यात बसवून जायचं. म्हैस परत गोठ्यात आली की ते माणूस मोकळं. जनावराला ही रीत असेल तर पोरांना का नको, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

बंडू खो खो हसला. मी हसले नाही. या माणसांनी याआधी मला एकदा बनवलं होतं आणि ते मी विसरले नव्हते.

मी तेव्हा केंद्रप्रमुख होते, चौदा शाळांची. खोट्या हजेऱ्या पकडण्यात माझा हात धरणारं तालुक्यात कोणी नव्हतं. एका शाळेत तर मी खिचडीच्या ताटल्या मोजून पटावरची नऊ मुलं खोटी ठरवली होती. माझे मिस्टर म्हणायचे, तू दुधात पाणी नाही, पाण्यात दूध शोधतेस. तर सहावीपासूनच्या मुलांची शाळा घरापासून तीन किलोमीटरच्या पलीकडे असेल, तर त्यांच्या जाण्यायेण्याची सोय करायची, असा नियम आहे. वाड्यात पाचवीपर्यंतच शाळा. पुढची शाळा खाली आंबेशेतला. म्हणून वाड्याच्या मास्तरांनी गाडीसाठी अर्ज केला आणि अंतर खरं की फुगवलेलं, हे बघायला सप्टेंबरात मी बांधकाम विभागाचं मीटरचं चाक उसनं घेऊन वर चढले होते.

लोक अंतर फुगवून सांगतात, हा माझा अनुभव. इथे उलटंच झालं. कोंडूबाबापासून सगळे एका सुरात सांगायला लागले, की शाळा अगदी जवळ आहे, पोरं तंबाखू मळेपर्यंत पोचतात, गाडीची काही गरज नाही. त्यांनी मला जंगलातून उतरणारी एक वाट दाखवली. वाट दाखवायला बरोबर भागी दिली. ही कोंडूबाबाची नात, बारा वर्षांची, पाचवी होऊन वर्षभर घरी बसलेली. आम्ही निघालो. चाकावरचा आकडा कमीच भरत होता. हिशेबाने तीन किलोमीटरच्या आत शाळा येणार होती.

पण वाटेवरच्या करवंदीच्या जाळ्या ताज्या तोडलेल्या होत्या. फांद्यांवरचा चीक अजून चिकट होता. एका ठिकाणी वाटेला फाटा फुटला, तिथे भागी थांबली, इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि चुकीच्या बाजूला वळून सरळ एका दरडीच्या टोकाला जाऊन उभी राहिली. रोजच्या वाटेवर कोणी असं चुकत नाही. मी चाक खाली ठेवलं आणि तिला म्हटलं, ही वाट कधी केली? ती नखं कुरतडत राहिली. मग म्हणाली, "काल. समदी मिळून तोडत हुती. बाई, आज्याला सांगू नगा."

खरी वाट तिनेच दाखवली. चाकावर चार किलोमीटर सहाशे मीटर भरले. मी तसा अहवाल दिला आणि तीन महिन्यांनी, डिसेंबरात, जीप मंजूर झाली. पण गाडी मिळत असताना ही माणसं खोटं का बोलली, हे कोडं मला सुटेना. मला वाटलं, जंगलात काहीतरी लपवताहेत. चोरटी तोड असेल, हातभट्टी असेल. सरकारी गाडी रोज वर यायला नको, म्हणून हा सगळा खटाटोप. माझ्यासारखीला याहून वेगळं काय सुचणार?

मंजुरीच्या कागदावर एक अट होती. पहिल्या आठवड्यात मुलं बसली नाहीत तर गाडी रद्द, आणि एकदा रद्द झालेली गाडी पुन्हा मिळत नाही, हे माझ्याइतकं कोणाला माहीत होतं? सोमवारी जीप रिकामी परतली. मंगळवारीही रिकामी. म्हणून बुधवारी मी स्वतः बंडूबरोबर आले होते. गाडी गेली की भागीची शाळा संपली. ती आणि बाकीची दहा, जन्मभर पाचवी पास. हे मी कोंडूबाबाला सांगितलं, आवाज चढवून सांगितलं. तो ऐकत होता आणि मान हलवत होता, पण शब्द तोच. मानूस ठेवा.

"बरं, कोणाला ठेवू? ड्रायव्हरला ठेवलं तर गाडी कोण चालवणार?" मी म्हटलं.

"तुमी ऱ्हावा."

एका दाराची फट थोडी रुंद झाली होती आणि तिच्यातून भागी बघत होती. केसांना तेल लावून, दोन वेण्या घालून ती तयार होती. दारामागे राहूनही तिने दप्तर पाठीला लावलं होतं. तिला बघून मी म्हटलं, ठीक आहे, बसते.

पाच मिनिटांत अकरा पोरं जीपमध्ये. आया एकेकाच्या डोक्यावरून हात फिरवत होत्या. कोंडूबाबाने गाडीभोवती एक चक्कर मारली, बंडूचं तोंड नीट निरखून घेतलं, जणू पुढे ओळख पटवायची वेळ येणार होती. जीप वळणाआड गेली आणि मला भागीच्या आईने, बायजाने, ओट्यावर घोंगडी टाकून दिली. मी बसले. तिनेही समोर बसून घेतलं. तिला दुसरं काही काम नव्हतं, असं नाही. तिचं काम मीच होते.

पहिले दोन तास मला गंमत वाटत होती. मी मनात ही गोष्ट कार्यालयात कशी सांगायची ते जुळवत होते. बायजाने नाचणीची भाकरी, ताक आणि लसणाचा ठेचा आणून ठेवला. पाहुणचारात कसूर नव्हती. पण मी हात धुवायला उठले तरी कोणीतरी बरोबर उठायचं. मी झाडीच्या आडोशाला गेले तर एक म्हातारी पाठमोरी उभी राहून सोबत करत होती. सोबत की पहारा, हे मला कळत होतं आणि तिलाही.

दुपारी मी बायजाला सरळच विचारलं, जंगलात काय लपवताय? तिला प्रश्नच कळला नाही. मग मी त्या खोट्या वाटेचा विषय काढला. तशी ती लाजली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग तिने जे सांगितलं ते असं.

डोंगराच्या पलीकडे कारवीचा वाडा होता. बायजाचं माहेर. तिथेही एक साहेब अंतर मोजायला आला होता. वाडा फार लांब आहे, पोरांचे हाल होतात, असं त्याने लिहून नेलं. मग गाडी आली आणि पोरांना खाली वसतिगृहाच्या शाळेत घेऊन गेली. पोरं खूश होती, आईबापही खूश. सहा महिन्यांनी दुसरे साहेब आले. म्हणाले, तुमची पोरं आता खालीच शिकताहेत, लांब राहून तुमचेच हाल होतात, तुम्हीही खाली या, जागा देतो. नाही म्हणायला कोणाच्या अंगात बळ राहिलं नव्हतं, कारण पोरं खाली होती. वर्षाच्या आत वाडा उठला. आता तिथे नुसती घरांची जोती आहेत.

"रेडकू फुडं नेलं की म्हस मागनं येती, बाई. तिला वडाय लागत न्हाई," बायजा म्हणाली.

म्हणून चाक घेऊन आलेल्या बाईला त्यांनी शाळा जवळ आहे असं सांगितलं होतं. लांब म्हटलं की उठवतील, ही त्यांची समजूत. गाव जवळचं दिसावं म्हणून बावीस घरांनी एका दिवसात जंगलातून वाट पाडली होती, आणि ज्या गाडीसाठी इतर गावं माझे पाय धरायची, ती गाडी त्यांनी जिवाच्या आकांताने नाकारली होती. मी हातभट्टी शोधत होते. मला माझीच लाज वाटली, पण खरं सांगायचं तर फार नाही. कारण त्या क्षणी मनात दुसराच विचार आला. कारवीच्या वाड्याला गेलेला पहिला साहेबही कदाचित माझ्यासारखाच असेल. त्यानेही चांगल्या मनाने अंतर मोजलं असेल. पुढे काय होणार, ते त्याला तरी कोणी सांगितलं होतं?

मला कोणी सांगितलं होतं?

शाळा पाचला सुटते. जीपला चढायला पाऊण तास. पावणेसहाला सगळा वाडा सपाटीवर जमला होता. म्हशी परतल्या, गोठ्यांत बांधल्या गेल्या, धारा काढून झाल्या. सहा वाजले. डिसेंबरातला दिवस, ऊन डोंगराआड गेलं. गाडीचा आवाज नाही.

सव्वासहाला बाया सपाटीच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या. कोणी मला काही म्हणत नव्हतं. शिव्या दिल्या असत्या तर मी उत्तर दिलं असतं. ते नुसते माझ्याकडे बघत होते आणि मग वळणाकडे. मीही वळणाकडे बघत होते, आणि माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते आज कबूल करते. मला बंडू लाडचा भरवसा वाटेना. लग्नसराई होती. गेल्या वर्षी एका ड्रायव्हरने शाळेची पोरं वाटेत उतरवून वऱ्हाड नेलं होतं, ते प्रकरण मीच उघडकीला आणलं होतं. बंडूच्या गाडीचे टायर झिजलेले होते आणि ते मला मंजुरीच्या वेळी दिसलेही होते. घाटात नऊ वळणं. एका बाजूला दरी. आणि कारवीच्या वाड्याचं ऐकल्यापासून वाटायला लागलं होतं, की वरून कोणी काही ठरवलं असेल तर मला कोण विचारणार? मी जन्मभर दुसऱ्यांवर संशय घेतला, पण ज्या खात्याचं खाल्लं त्याच्यावर घ्यायची पाळी त्या दिवशी पहिल्यांदा आली.

साडेसहा वाजले. खाली फाट्यावरून शेवटची एसटी सात वाजता जायची. उतरणीने धावत गेलं तर मिळाली असती. गाडीचं काही बरंवाईट झालं असेल, तर ही माणसं मला सोडणार नाहीत, एवढाच विचार मनात होता. पोरांचा नव्हता. भागीचाही नव्हता. सगळ्यांचे डोळे वळणावर लागलेले बघून मी ओट्यावरून पर्स उचलली, शाल घेतली, चपला हातात धरल्या आणि गोठ्यांच्या मागून सटकले.

शेवटच्या गोठ्यापलीकडे पायवाट सुरू होते. तिथे दगडावर कोंडूबाबा बसला होता. इथून घाटाचं खालचं वळण दिसतं, म्हणून तो गर्दी सोडून तिथे येऊन बसला असावा. की मला ओळखून बसला होता, ते मला आजही सांगता येणार नाही.

"कुठं, बाई?"

"फोनला रेंज मिळते का बघते."

त्याने माझ्या खांद्यावरच्या पर्सकडे बघितलं, शालीकडे बघितलं, हातातल्या चपलांकडे बघितलं. मला वाटलं, आता हा ओरडणार, माणसं गोळा करणार. तो दगडावर थोडा बाजूला सरकला.

"बसा," तो म्हणाला.

मी बसले. दुसरं काय करणार होते? त्याने अंगावरच्या घोंगडीचं एक टोक माझ्या पायांवर टाकलं, कारण गारठा पडायला लागला होता. अंधारत चाललेल्या त्या घाटाकडे तो आणि मी सारख्याच डोळ्यांनी बघत होतो. त्याची नात त्या गाडीत होती. माझं कोणीच नव्हतं, आणि पळायला निघाले होते मी.

सातला पाच कमी असताना खालच्या वळणावर दिवे दिसले. दिसले, थांबले, पुन्हा हलले, पुन्हा थांबले. कोंडूबाबा उठून उभा राहिला आणि त्याने माझा दंड पकडला, पळू नये म्हणून नव्हे. माझ्या आधाराने तो टाचा उंचावून बघत होता.

जीप सपाटीवर आली तेव्हा आया धावल्या. पोरं उतरली ती फिकट तोंडांची, ओल्या कपड्यांची. आंबूस वास सुटला होता. एकदम गलका झाला. काय खायला घातलं, कुठे नेलं होतं, कपडे का भिजले? बंडू हात जोडून सांगत होता. ही पोरं जन्मात गाडीत बसली नव्हती. सकाळी उतरताना उत्साहात निभावली, पण संध्याकाळी घाट लागताच एकाने ओकारी काढली आणि मग अकराही जणांनी. प्रत्येक वळणावर गाडी थांबवायची, पोरं उतरवायची, झऱ्यावर तोंडं धुवायची, पुन्हा बसवायची. आंबेशेतच्या दुकानात परत जाऊन त्याने लिंबं आणली होती आणि एकेकाला चोखायला दिली होती. त्याचा स्वतःचा शर्ट खांद्यापासून कमरेपर्यंत भरला होता. या माणसाबद्दल मी तासभर काय काय ठरवून मोकळी झाले होते.

पण वाड्याला ते पटेना. बायजाने भागीला पोटाशी धरलं होतं. ती म्हणाली, "उद्या न्हाई धाडत. पोरगी मरंल माजी."

दोघीतिघींनी मान डोलावली. एक बाप म्हणाला, हे पहिल्याच दिवशी, पुढं काय काय होईल. मला कळून चुकलं, की गाडी मिळवली आणि गमावली. मी तोंड उघडायला गेले, पण कुठल्या तोंडाने बोलणार? कोंडूबाबा माझ्या शेजारीच उभा होता.

मग बायजाचं माझ्याकडे लक्ष गेलं. माझ्या हातातल्या चपला आणि काखेतली पर्स तिने बघितली. तिने मला नाही, सासऱ्याला विचारलं.

"मामंजी, बाई मगा वट्यावर नव्हत्या. कुठं गेल्या हुत्या?"

मी खाली बघितलं. त्या एका उत्तरावर सगळं अवलंबून होतं.

"माज्याजवळ," कोंडूबाबा म्हणाला. "दगडावर बसून वाट बघत हुत्या. पोरांची काळजी लागली म्हनून हितवर आल्या. येक पाऊल खाली गेल्या न्हाईत."

"खरं?"

"मी कवा खोटं बोललोय?"

बायजा माझ्याकडे बघत राहिली. मग तिने भागीला सोडलं, तिच्या तोंडावरून पदर फिरवला आणि बंडूला विचारलं, उद्या गाडी येण्याआधी पोरांना भाकरी द्यायची की उपाशी धाडायची? बंडू म्हणाला, उपाशी नको, पण ताक देऊ नका. त्यावर कोणीतरी हसलं.

या गोष्टीला सतरा वर्षं होतील. भागी दहावी झाली, नर्सिंगला गेली, आता जिल्ह्याच्या ठिकाणी नोकरीला आहे. वाडा जागेवर आहे. माझ्या निरोपसमारंभात गटशिक्षणाधिकाऱ्यांनी भाषणात हा प्रसंग सांगितला. एका धनगरवाड्याचा विश्वास मिळवण्यासाठी बाई दिवसभर तारण म्हणून बसून राहिल्या, जागच्या हलल्या नाहीत, असं म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हात जोडले आणि शाल-नारळ घेतलं. तोपर्यंत कोंडूबाबा जाऊन चार वर्षं झाली होती. खरं सांगणारं दुसरं कोणी नव्हतं, आणि मी सांगितलं नाही.

त्या रात्री बंडू मला जीपनेच खाली सोडणार होता. मी पुढच्या सीटवर बसले. कोंडूबाबा खिडकीशी आला. मला त्याचे आभार मानायचे होते, माफी मागायची होती, काय ते नक्की सुचत नव्हतं. मी नुसतं म्हटलं, बाबा, उद्या सकाळी मी परत येते, संध्याकाळपर्यंत बसते.

त्याने मान हलवली.

"नगं, बाई. उद्याच्यान मानूस ठिवू नगा," तो म्हणाला. "गाडी येती, तेवढं बास."

बंडूने गाडी सुरू केली.